दोन पावलं

“...आणि शनीला?”

“एकोणतीस वर्षं, साडेपाच महिने.”

मोरोशास्त्र्यांनी उत्तर दिलं आणि उपरणं सारखं केलं. विचारणारा थकेल, पण आपण अडणार नाही, ही खात्री त्यांच्या बसण्यातच होती.

समोर येसबा बसले होते, अंबाडीची दोरी वळत. वय ऐंशीच्या पुढं. उभा जन्म नदीवर नाव चालवली, गुडघे गेले तेव्हा काठावरच्या बकुळीच्या पारावर येऊन बसले. पाटी कधी हातात धरली नव्हती. तरी लोक त्यांच्याकडं येत. ते फार काही सांगत नसत, पण माणसाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेत, आणि असा माणूस आजूबाजूच्या दहा गावांत दुसरा नव्हता.

मोरोशास्त्री ह्याच काठावरच्या शेळवणचे. त्रेसष्ट वर्षांचे. पंचांग करणाऱ्यांचं घराणं. येसबांकडं ते तीन वर्षांपासून येत होते. शास्त्री एका नावाड्याच्या पायाशी बसतो, म्हणून गावात कुजबुज व्हायची. ते म्हणत, “मला आकाशातलं सगळं येतं. ह्यांना बाकीचं येतं.”

“बाकीच्यांचंही सांग,” येसबा म्हणाले. “मला पाठ नाही राहत.”

“गुरूला अकरा वर्षं दहा महिने. मंगळाला सहाशे सत्त्याऐंशी दिवस. शुक्राला सव्वादोनशे. बुधाला अठ्ठ्याऐंशी. सूर्याभोवतीच्या फेऱ्या आहेत ह्या.”

“गुरूलाही चंद्र आहेत म्हणतोस ना?”

“दुर्बिणीतून चार दिसतात. सगळ्यात जवळचा पावणेदोन दिवसांत फेरी मारतो. सगळ्यात लांबचा जवळजवळ सतरा दिवसांत.”

“चार!” येसबा हसले. “नशीबवान आहे. माझ्याभोवती तू एकटा, तोही पोह्यांच्या वेळेला.”

शास्त्री हसले नाहीत. आज ते हसायला आले नव्हते.

येसबांनी ते पाहिलं. दोरीचा पीळ पायाच्या अंगठ्यात अडकवला आणि हात थांबवले.

“बोल, मोरोबा.”

“बाबा, शनी फेरी पूर्ण करून आला.”

“मग?”

“...चिंतू आला नाही.”

चिंतू म्हणजे चिंतोपंत, शास्त्र्यांचा धाकटा भाऊ. येसबांनी तीन वर्षांत हे नाव त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं. ऐकल्यावर काही न बोलता ते बसून राहिले, आणि शास्त्र्यांना पुढचं सांगावं लागलं.

वडील गेले ते पहाटे. घरात वेळ मोजायला घटिकापात्र होतं. पाण्यावर तरंगणारी, बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. ती भरून बुडाली की एक घटका झाली. मोरोबा वडिलांच्या उशाशी होते, चिंतू वाटीपाशी. चिंतूच्या मोजणीप्रमाणं वडिलांनी प्राण सोडला तेव्हा अमावास्या लागली होती. मोरोबांच्या हिशेबानं अजून चतुर्दशीच चालू होती. फरक एका घटकेचा. एका वाटीचा.

वर्षश्राद्धाची वेळ आली तेव्हा थोरला म्हणाला चतुर्दशी, धाकटा म्हणाला अमावास्या. दोघंही पंचांग करणारे. माघार कोण घेणार? शेवटी एका घरात, एका चुलीवर, दोन दिवस दोन श्राद्धं झाली. एकाच्या पानावर दुसरा बसला नाही.

गावाला आयतंच मिळालं. “शेळवणच्या शास्त्र्यांचे वडील लई मोठे हो, दोनदा वारले.”

हे चावडीवर कुणीतरी म्हटलं, ते मोरोबांच्या कानांवर आलं. त्यांनी घरी येऊन चार लोकांसमोर धाकट्याला म्हटलं, “ज्याला वाटी मोजता येत नाही, त्यानं पंचांगाला हात लावू नये.”

चिंतूनं त्याच दिवशी बायकोला आणि कडेवरच्या मुलीला घेतलं आणि नदी ओलांडून बोरघोळला बिऱ्हाड केलं.

“आणि तू?” येसबांनी विचारलं.

“मी ओसरीवर उभा होतो.”

“नुसता उभा?”

“...म्हणालो, हा शनी पुन्हा मेषेत येईपर्यंत तुझं तोंड पाहणार नाही.”

येसबांच्या तोंडून “अरे!” एवढंच आलं. मग त्यांच्या खांद्यांना बारीक हिसके बसू लागले. शास्त्र्यांना वाटलं ठसका लागला. पाहतात तर म्हातारा हसत होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“लोक रागानं म्हणतात, मरेपर्यंत तोंड पाहणार नाही. तू तारीख दिलीस!”

“शास्त्र्यानं मोघम बोलू नये.”

“पण शनी कशाला? सगळ्यात हळू चालणारा गडी नेमका धरलास. बुध धरला असतास तर अठ्ठ्याऐंशी दिवसांत मोकळा झाला असतास. चंद्र धरला असतास तर चिंतूच्या नव्या बिऱ्हाडातला कुळीथसुद्धा संपला नसता.”

“राग मोठा होता, बाबा.”

“हं... रागाच्या मापाचा ग्रह काढलास.”

शास्त्री मान खाली घालून बसले. पण गप्प बसणं त्यांना फार वेळ जमत नसे. आपण शब्द कसा तंतोतंत पाळला, हे सांगितल्याशिवाय त्यांना राहवेना.

“शनी खरं तर ज्येष्ठातच मेषेत आला होता,” ते म्हणाले. “दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, झालं. पण मी गणित मांडून ठेवलं होतं. तो वक्री होणार होता. आश्विनात तो मागं मीनेत गेला, आणि ह्या माघात पुन्हा मेषेत आला. पक्का आला. मी तोवर थांबलो.”

“वक्री म्हणजे मागं फिरतो?”

“हो.”

“शनी?”

“शनी, गुरू, मंगळ, सगळेच फिरतात. सूर्य आणि चंद्र तेवढे नाही. आता, खरोखर मागं फिरत नाहीत ते. पृथ्वीही चालते आहे ना, म्हणून आपल्याला तसं दिसतं.”

“म्हणजे...” येसबा सावकाश म्हणाले, “मागं फिरल्यासारखं दिसायला एवढ्या मोठ्या शनीलाही लाज वाटत नाही.”

शास्त्र्यांनी उपरणं पुन्हा सारखं केलं.

नदीवरून वारा आला. बकुळीची चार फुलं पारावर पडली. येसबांनी त्यातलं एक उचलून कानामागं ठेवलं.

“माघात पक्का आला. मग काय केलंस?”

शास्त्र्यांनी सांगितलं. त्या दिवशी त्यांनी ओसरी सारवून घेतली. बायकोला सांगून दोन पाट मांडले. एकोणतीस वर्षांपूर्वी जिथं उभे होते, ओसरीच्या त्याच खांबापाशी जाऊन बसले. चिंतूही पंचांग करतो, तेव्हा शनी कधी येणार हे त्याला कळलं नसेल असं होणारच नव्हतं. सूर्योदयापासून बसले. दुपार झाली. वरणभात निवला. बायको दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा येऊन म्हणाली, “तुमचा शनी आला, आता तुम्ही जेवून घ्या.”

त्याला अकरा दिवस झाले होते.

“मी शब्द पाळला, बाबा. एक दिवस इकडं नाही, एक दिवस तिकडं नाही. जिथून निघालो तिथं बरोबर परत आलो. त्याच खांबापाशी. फेरी पूर्ण झाली. मग तो का आला नाही? माझं कुठं चुकलं, तेवढं सांगा.”

आजवर त्यांनी येसबांना अनेक प्रश्न विचारले होते. पण ते वाद घालायला विचारलेले. हा तसा नव्हता.

येसबांनी दोरी बाजूला ठेवली.

मग म्हणाले, “तुझं गणित मला कळत नाही. चंद्राचं तेवढं सांग. चंद्राला फेरीला किती दिवस?”

“सत्तावीस दिवस आणि एकोणीस घटका.”

“मी पस्तीस वर्षं रात्रीची नाव चालवली. अंधार कधी पडणार हे नावाड्याला ठाऊक ठेवावं लागतं. एका अमावास्येपासून दुसरी अमावास्या कधी सत्तावीस दिवसांत आलेली मी पाहिली नाही. एकोणतीस तरी होतात, नाहीतर तीस.”

“ते वेगळं.” शास्त्री एकदम सरसावून बसले. आता ते आपल्या घरात होते. “एकोणतीस दिवस आणि बत्तीस घटका. ती फेरी नव्हे, ती भेट. अमा म्हणजे सोबत. चंद्र आणि सूर्य एकत्र येतात ती अमावास्या.”

“फेरी सत्तावीस दिवसांत होते. मग भेटीला दोन दिवस जास्त का?”

“का म्हणजे...”

“थांब. तोंडी नको. मला तोंडी कळत नाही.”

येसबांनी काठी घेतली, शास्त्र्यांच्या खांद्याचा आधार घेतला आणि ते उठले. पाराच्या पायरीला एक काळा दगड होता. दोघं त्या दगडापाशी शेजारी शेजारी उभे राहिले.

“मी म्हातारा. मी सूर्य. माझ्या पायांनी चालतो. तू चंद्र. तुझ्या पायांनी चाल. पाराला फेरी मारायची. निघालो बघ.”

शास्त्री निघाले. त्यांची चाल पहिल्यापासून भरभर. पाय उचलताना ते मोजतही होते, ती सवय सुटणारी नव्हती. बकुळीच्या मागून, नदीच्या अंगानं, तुळशीवृंदावनाला वळसा घालून ते आले आणि काळ्या दगडावर डावा पाय ठेवून उभे राहिले.

“सत्तावीस पावलं,” ते म्हणाले. “फेरी पूर्ण.”

“शाब्बास,” येसबांचा आवाज आला.

पण तो शेजारून आला नाही. पुढून आला. शास्त्र्यांनी मान वर केली. येसबा दगडापाशी नव्हते. काठी टेकत टेकत, एकेक वीत पाऊल टाकत, ते पुढं सरकले होते. त्यांची पाठ दिसत होती. पैरणीला खांद्यावर ठिगळ होतं.

“तुम्ही पुढं गेलात.”

“मग? मलाही पाय आहेत.”

“पण आपण ह्या दगडापासून निघालो होतो.”

“निघालो होतो. दगड तिथंच आहे. विचार त्याला, मी कुठं गेलो.”

शास्त्र्यांनी पायाखालच्या दगडाकडं पाहिलं.

“हाक मार हवी तर,” येसबा न वळता म्हणाले. “म्हणावं, मी शब्दाचा पक्का आहे, जिथून निघालो तिथं बरोबर आलो आहे.”

“बाबा...”

“तू तिथंच थांबायचं ठरवलंस, तर माझी तुझी गाठ कधी पडेल?”

शास्त्र्यांनी न ठरवताच हिशेब केला. “तुमची फेरी पूर्ण होईल तेव्हा. ह्या चालीनं... तोवर माझ्या तेरा फेऱ्या होतील. गुडघा दुखला तर तेही नाही.”

“आणि तू चाललास तर?”

“दोन पावलं.”

“किती?”

“...दोन. थोडं वर.”

ते बोलले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं शहाणपण एकदम उतरलं. सत्तावीस आणि एकोणतीस. हे दोन आकडे त्यांनी आयुष्यात हजारदा लिहिले होते. पोरांना शिकवले होते. दोहोंमधला फरक का पडतो, हे झोपेत विचारलं तरी त्यांनी सांगितलं असतं.

काळ्या दगडावर ते उभे राहिले. डावा पाय तसाच.

“त्यानं मागं वळून पाहिलं असतं तर...” ते हळूच म्हणाले. “त्यालाही दोनच पावलं होती.”

“होती की.”

“मी थोरला आहे, बाबा.”

“हं.”

“धाकट्यानं यायचं असतं.”

“असतं.”

प्रत्येक वाक्याला येसबा हो म्हणत होते, आणि प्रत्येक होकाराबरोबर काठी एक वीत पुढं पडत होती. आता दोनाची अडीच पावलं झाली होती. मग पावणेतीन.

शास्त्र्यांच्या ते ध्यानात आलं.

“थांबा!” ते ओरडले.

“मला नाही थांबता येत, बाळा. मी सूर्य आहे ना आज.”

मग मोरोशास्त्री चालले. किती पावलं टाकली ते त्यांनी मोजलं नाही. त्यांना आठवत होतं त्याप्रमाणं, जन्मात पहिल्यांदाच मोजलं नाही. येसबांच्या शेजारी जाऊन ते उभे राहिले आणि म्हाताऱ्याचा काठी नसलेला हात त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

येसबा थांबले.

नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं. त्याचा आवाज पाण्यावरून उशिरा येत होता.

“मोरोबा, एक विचारू?”

“विचारा.”

“त्या पहाटे वाटीपाशी तो बसला होता. तेव्हा त्याचं वय काय?”

“बावीस.”

“मोजताना तो... गप्प होता?”

शास्त्र्यांनी मान हलवली.

“नाही. रडत होता. वडिलांच्या अंगावर पडून रडायचं नाही, म्हणून मी त्याला उठवून वाटीपाशी बसवला होता. हाताला काम राहील म्हणून.”

“तू बसवलास?”

“मीच.”

“हं...”

येसबांनी धरलेला हात थोडा घट्ट केला.

शास्त्र्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, नाक पुसलं, उपरणं झटकलं आणि खांद्यावर नीट टाकलं. आता त्यांच्या हालचालीत घाई होती.

“बोरघोळ चार कोस. आत्ताची नाव मिळाली तर दिवस मावळायच्या आत पोचतो.”

“नाव मिळेल. माझा पुतण्याच आहे नावेवर. सांग, येसबानं पाठवलंय, उतारूंची वाट बघू नको.”

“त्यानं दार नाही उघडलं तर?”

“तर ओट्यावर बस. तुला बसायची सवय आहे.”

शास्त्री आता हसले. अकरा दिवसांत पहिल्यांदा. वाकून त्यांनी येसबांच्या पायांना हात लावला, वहाणा घातल्या, चार पावलं घाटाकडं गेले आणि अडखळल्यासारखे थांबले. परत आले.

“बाबा, एक राहिलं.”

“काय?”

“मी एवढ्या वर्षांत ते गणित सात वेळा केलं. काशीच्या एका पंडितांनाही दाखवलं. चतुर्दशीच होती. माझीच तिथी बरोबर होती.”

“होती,” येसबा म्हणाले.

शास्त्री त्यांच्याकडं बघत राहिले. एकोणतीस वर्षांत हे त्यांना कुणी इतकं सरळ म्हटलं नव्हतं. बायकोनंसुद्धा नाही.

“खरंच?”

“तू सात वेळा केलंस ना? मग तुझीच बरोबर. माझा विश्वास आहे तुझ्यावर.”

शास्त्र्यांची छाती भरून आली. घाटावर पुतण्यानं नाव सोडायला घेतली होती आणि तो इकडं हात हलवत होता.

“मग गेल्या गेल्या आधी हेच सांगतो त्याला. भांडायला नव्हे. शांतपणानं. एकदा ते मिटलं की मग सगळं गोड. सांगू ना?”

येसबा पारावर टेकले. दोरीचा सुटलेला पीळ त्यांनी पुन्हा अंगठ्यात अडकवला. मग वर बघून, लहान मुलाला विचारावं तसं त्यांनी विचारलं,

“सूर्याला भेटतो त्या दिवशी चंद्र केवढा असतो रे, मोरोबा?”